आठ जणांची फायनल

थोबाडीत मारल्याचा आवाज आला तेव्हा मी वाकून बुटाची लेस सोडत होतो.

वर बघितलं तर शिवलिंग हुक्केरी गालाला हात लावून भिंतीला टेकला होता आणि रणधीर साळोखे त्याच्यासमोर उभा होता. खोलीत सगळे होतो. आत्ताच सेमीफायनल जिंकून आलो होतो, दोन-एक. दोन्ही गोल रणधीरचे. कुणीतरी गाणं म्हणत होतं, ते अर्ध्यावर थांबलं.

"गोल उघडा होता," रणधीर म्हणाला. "मी मोकळा उभा हाय, हात वर करून ओरडालोय, आणि हा शहाणा स्वतः मारतोय. तेही बाहेर! शेवटच्या मिनिटाला त्यांनी बरोबरी केली असती म्हणजे?"

शिवलिंग पहिल्या वर्षाला होता, गडहिंग्लजचा. अंगानं काडी, पण डाव्या बाजूनं पळायला लागला की समोरच्या बॅकला घाम फोडायचा. रणधीर आमचा कॅप्टन, सेंटर फॉरवर्ड. कॉलेजच्या सामन्यांना कोल्हापुरात कोण येतंय? पण रणधीर खेळणार म्हटलं की त्याच्या पेठेतली शंभर-दोनशे माणसं यायचीच.

"साळोखे."

दारात इंगवले सर उभे होते. हातात चेंडूंची जाळी. कधीपासून उभे होते कुणास ठाऊक. ते आमचे जिमखान्याचे सर आणि कोचही. त्यांचा आवाज कधी चढायचा नाही. त्यामुळे ते रागावलेत हे ओळखायला शिकण्यातच आमचं पहिलं वर्ष जायचं.

"फायनलला तू खेळणार नाहीस," सर म्हणाले.

मागून कुणीतरी हसलं. सर चेष्टा करतायत असं वाटलं असणार.

"सर, ते आमचं आपसातलं हाय," रणधीर म्हणाला.

"खेळायचं नाही. पण यायचं. शनिवारी साडेतीनला, सगळ्यांबरोबर."

शिवलिंग भिंतीपासून पुढं झाला. "सर, मला काय लागलं न्हाई. रणधीरदादाला खेळवा."

"तुला लागलं का, असं मी विचारलेलं नाही." सरांनी जाळी खाली ठेवली, चेंडू मोजून बघितले आणि जाताना माझ्याकडं वळले. "मगदूम, शनिवारी कॅप्टनची पट्टी तू बांध."

मी सुकुमार मगदूम. शिरोळकडचा, हॉस्टेलवर राहणारा, संघात स्टॉपर, बचावाच्या मधोमध. पेठा, तालमी, त्यांची आपसातली भांडणं यांच्याशी माझा संबंध नव्हता. कोल्हापुरात फुटबॉल कॉलेजात नसतो, पेठेत असतो. प्रत्येक तालमीचा आपला संघ, आपला रंग, आपले पिढीजात वैरी. कॉलेजचा संघ म्हणजे एकमेकांकडं न बघणारी पोरं वर्षातून दोन महिने एका रंगाचा शर्ट घालणार, एवढंच. मी कुणाचाच नसल्यामुळे सरांनी मला निवडलं असं मला तेव्हा वाटलं, आणि ते काही फार अभिमान वाटण्यासारखं नव्हतं.

त्याच संध्याकाळी कॉलेजच्या फाटकासमोरच्या चहाच्या गाड्यावर रणधीर भेटला.

"तू पट्टी का घेतलीस?" त्यानं विचारलं.

"सरांनी सांगितलं."

"नको म्हणायचं होतंस. तू नको म्हणाला असतास, गोलातला जहांगीर नको म्हणाला असता, मग कुणाला बांधणार होते? स्वतःच्या दंडाला?"

"तू त्या पोराला मारायला नको होतंस."

"ते माझं मी बघीन." त्यानं बशी खाली ठेवली. "युनिव्हर्सिटीचं सिलेक्शन हाय फायनलला. माहीत हाय ना तुला?"

मला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. विद्यापीठाचा संघ निवडणारी मंडळी फायनल बघायला येणार होती. रणधीरचं हे शेवटचं वर्ष. विद्यापीठाकडून खेळलेल्या पोराला पोलिसात, रेल्वेत दार उघडायचं. त्याचे वडील गुळाच्या अडतीत हमालांचे मुकादम होते आणि गेली दोन वर्षं ते त्याला एकच विचारत होते, चेंडू लाथाडून पोटाचं काय होणार म्हणून. हे त्यानंच मला एकदा सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी सरांना बोलावलं. सर मला बरोबर घेऊन गेले. का, ते सांगितलं नाही.

प्राचार्य चांगले गृहस्थ होते. त्यांनी आम्हाला बसवलं, पंखा वाढवला.

"इंगवले, तुमचं बरोबरच आहे," ते म्हणाले. "मुलानं हात उचलायला नको होता. पण संस्थेचे अध्यक्षसाहेब स्वतः सामना बघायला येणार आहेत. सात वर्षांनी आपण फायनलला आलोय. सोमवारपासून शिक्षा करा की. महिनाभर बाहेर ठेवा, मी सही करतो."

"सोमवारनंतर सामना नाही, सर," इंगवले सर म्हणाले.

"म्हणूनच म्हणतोय."

"मग ती शिक्षा होणार नाही. सुट्टी होईल."

प्राचार्य माझ्याकडं वळले. "काय रे, तू कॅप्टन ना? पोरांचं काय म्हणणं आहे?"

पोरांचं काय म्हणणं आहे ते मला चांगलं ठाऊक होतं. "सर, रणधीरशिवाय जिंकणं अवघड आहे," मी म्हणालो.

"ऐकलंत?" प्राचार्य म्हणाले.

"त्यानं खरं सांगितलं," इंगवले सर म्हणाले. "अवघडच आहे. तुम्हाला दुसरा कोच नेमायचा असला तर नेमा, मी फक्की मारून मैदान तयार ठेवतो. पण मी कोच असलो तर साळोखे खेळणार नाही."

बाहेर आल्यावर पायऱ्या उतरता उतरता मी म्हणालो, "सर, सिलेक्शन आहे. त्याचं वर्ष जाईल."

"माहीत आहे," ते म्हणाले. दोन पायऱ्या उतरून परत म्हणाले, "माहीत आहे मला." मग गोलजाळीला एका कोपऱ्यात भोक पडलंय, ते बांधून घ्यायला पाहिजे, असं काहीतरी सांगत निघून गेले.

शुक्रवारी सरावाला तिघं आले नाहीत. तिघंही रणधीरच्या तालमीचे, एका गल्लीत लहानाचे मोठे झालेले. त्यांच्यातला प्रकाश निकम, पक्या, आमचा दुसरा फॉरवर्ड. तो थोड्या वेळानं सायकलवरून आला, पण खाली उतरला नाही. एक पाय जमिनीवर टेकवून म्हणाला, "सर, रणधीर न्हाई तर आम्ही बी न्हाई."

"रणधीरनं सांगितलं?"

"त्यानं कशाला सांगायला पाहिजे? आमचं आम्हाला कळतंय."

"ठीक आहे. उद्या साडेतीनला या."

"येणार न्हाई म्हणालोय, सर."

"ऐकलं मी," सर म्हणाले आणि आमच्याकडं वळले. "चला, कॉर्नरचा सराव करू."

पक्याला भांडण हवं होतं. ते मिळेना तेव्हा त्यानं घंटी वाजवली आणि गेला.

संघात आधीच दोघं दुखापतीनं बाहेर होते. उरलेले बारा. त्यातून रणधीर गेला, हे तिघं गेले. राहिलो आठ. त्यात अनंत देशिंगकर होता, जो तीन वर्षं संघाबरोबर येत होता आणि सगळे मिळून अर्धा तास खेळला असेल. चष्म्याला मागून इलास्टिक बांधून खेळायचा. सराव संपल्यावर तो माझ्याजवळ आला.

"मगदूम, उद्या मी पूर्ण सामना खेळणार?"

"दुसरं कोण आहे?"

"तसं नव्हे," तो म्हणाला. "मला झेपेल ना, ते विचारतोय."

मी म्हणालो झेपेल. मला वाटत नव्हतं.

शनिवारी मैदान भरलेलं होतं. सामना आमच्याच कॉलेजच्या मैदानावर. एका बाजूला सिमेंटच्या पायऱ्या, तिथं रणधीरच्या पेठेची माणसं. रणधीरही त्यांच्यात बसला होता. शेजारी पक्या आणि दुसरे दोघं. सरांनी सांगितलं होतं सगळ्यांबरोबर ये म्हणून, तर तो आला होता असा. आमच्या बाकावर सर एकटेच. दुसऱ्या बाजूला मांडवाखाली अध्यक्ष, प्राचार्य आणि विद्यापीठाची मंडळी.

रेफरी मिरजेचे होते. त्यांनी आम्हाला बघितलं, परत बघितलं. "इंगवले, नावं अकरा दिलीत आणि माणसं आठ?"

"सात असले तरी खेळता येतं ना?"

"येतं."

"मग आमच्याकडं एक जास्तच आहे."

समोर सांगलीचा संघ. त्यांनाही कसंसंच वाटत असावं. त्यांच्या कॅप्टननं हात मिळवताना मला विचारलं, "काय झालंय तुमच्यात?" मी म्हणालो काही नाही.

सरांनी आम्हाला फार काही सांगितलं नव्हतं. "मागं चार राहा, मध्ये दोन. हुक्केरी, तू एकटा पुढं. चेंडू मिळाला की पळायचं. नाही मिळाला तरी पळायचं. त्यांचे दोन जण तुझ्यामागं अडकले पाहिजेत." आणि मला म्हणाले, "मैदानात माझ्याकडं बघू नकोस. मला तिथून दिसतं त्यापेक्षा तुला जास्त दिसेल."

पहिला गोल लवकरच झाला. डाव्या बाजूनं त्यांचा पोरगा मोकळा आला, आमचा गोलकीपर जहांगीर शिकलगार पुढं धावला, त्याच्या हाताखालून चेंडू गेला. पायऱ्यांवरून आरोळी उठली, "इंगवले, घरी जावा!" मग तालात टाळ्या आणि "रणधीर! रणधीर!"

आपल्याच मैदानावर आपल्याच गावची माणसं आपल्याविरुद्ध ओरडतायत, हे ऐकताना पाय जड होतात. मी कुणाकडंही न बघता नुसता ओरडत राहिलो, "अनंता, आत ये! अनंता, माणूस सोडू नकोस!" अनंता खरंच माणूस सोडत नव्हता. त्याला चेंडू मारता येत नव्हता धड, पण समोरच्याच्या अंगाला तो गोचिडासारखा चिकटला होता. जहांगीरनं दोन चेंडू असे अडवले की सांगलीच्या पोरांनीच टाळ्या दिल्या. तरी दुसरा गोल झालाच. कॉर्नर आला, आमची माणसं कमी पडली, त्यांच्या उंच पोरानं मोकळ्यानं डोकं लावलं.

जाळीतून चेंडू काढताना मी पायऱ्यांकडं बघितलं आणि मला रणधीर कठडा ओलांडून खाली उतरताना दिसला. खांद्यावर बूट, लेस एकमेकांना बांधून अडकवलेले. अंगातल्या शर्टाखाली जर्सीचा गळा दिसत होता. पेठेची माणसं उभी राहून ओरडत होती. खोटं कशाला सांगू, माझ्या छातीत एकदम हलकं झालं. वाटलं, सुटलो. आता हा येतोय.

तो सरांसमोर जाऊन उभा राहिला. काहीतरी बोलला. सर बाकावरून उठले नाहीत. त्यांनी दोन वाक्यं उत्तर दिलं असेल. बाकाखालची पत्र्याची बादली काढली, त्याच्या हातात दिली आणि मैदानाच्या पार पलीकडं, सायकल स्टँडकडं बोट दाखवलं. रणधीर तसाच उभा राहिला. मग बूट खांद्यावर, बादली हातात, असा तो चालू लागला. पायऱ्यांवरचा आवाज बसला. सेंटरला चेंडू ठेवताना मी बघितलं तर तो सायकल स्टँडच्या कोपऱ्याआड गेला होता. फाटकही तिकडंच होतं. मला वाटलं, गेला घरी.

मग शिवलिंगला लागलं. चेंडू घेऊन तो तिघांमधून निघाला होता, त्यांच्या स्टॉपरचं कोपर त्याच्या भुवईवर बसलं. पडला. रक्त गालावरून जर्सीवर उतरलं. रेफरीनं फाऊल दिला, पण पायऱ्यांवरून कुणीतरी मोठ्यानं ओरडलं, "ऊठ रं! तुझ्यापायीच आमचा रणधीर भायेर बसलाय!" आणि पुष्कळ जण हसले.

शिवलिंग उठला. मी धावत गेलो होतो. "बाहेर जातोस का?" मी विचारलं.

"सातच राहशीला की मग," तो म्हणाला. बाहीनं रक्त पुसलं आणि चेंडूमागं गेला. त्याला डाव्या डोळ्यानं दिसत नव्हतं, हे पुढच्या दोन पासांवरून कळत होतं. तरी तो पळत होता. चेंडू मिळाला तरी, नाही मिळाला तरी.

हाफटाइमची शिट्टी झाली. आम्ही बाकापाशी येऊन गवतात पसरलो. तेवढ्यात बादली जमिनीवर ठेवल्याचा आवाज झाला. काठोकाठ भरलेली. रणधीर.

त्यानं खांद्यावरचे बूट काढून बाकाखाली सरकवले. बाकावरचा पेला बादलीत बुडवून पहिला अनंताला दिला, दुसरा जहांगीरला. मग शिवलिंगपुढं उकिडवा बसला. "डोळा मीट, पाणी जाईल." त्याची भुवई धुतली. खिशातला रुमाल फाडून पट्टी बांधली. सगळे बघत होतो.

"परवा माझं चुकलं," रणधीर म्हणाला. हळू नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

शिवलिंग गडबडला. "पास द्यायला पाहिजे होता मी."

"पास चुकतोच. सगळ्यांचा चुकतो."

मग तो उठला, पायऱ्यांकडं वळला आणि दोन्ही हात तोंडाशी धरून त्यानं हाक मारली, "पक्या! तिघंबी खाली या. बूट घालून!"

ते आले. धावतच आले. रेफरी बाजूला उभे होते. ते म्हणाले, "यांची नावं दिलेली आहेत, उतरू शकतात."

सर म्हणाले, "मगदूम, तू सांग."

तेवढ्यात अनंता उठून उभा राहिला. त्याचा चष्मा घामानं धुरकटला होता, तो त्यानं काढून हातात धरला होता. "आता कशाला?" तो म्हणाला. "पाऊण तास आम्ही इथं मरतोय आणि हे वर बसून टाळ्या वाजवत होते. नकोत ते. आठ होतो, आठच खेळू."

"अनंता बरोबर बोलतोय," जहांगीर म्हणाला.

पक्याची मान खाली गेली. पण तो परतही जाईना. मी सरांकडं बघितलं. ते बुटाच्या टोकाला लागलेली फक्की झाडत होते.

"येतील ते," मी म्हणालो. "पण आपल्यातलं कुणी जागा सोडणार नाही. अनंता राइट बॅकच खेळेल. शिवलिंग पुढं, मधोमध. जिथं मोकळं आहे तिथं हे उभे राहतील. पक्या, तू लेफ्ट बॅक."

"बॅक?" पक्या म्हणाला. "मी आयुष्यात बॅक खेळलो न्हाई. दोन गोल पाहिजेत आपल्याला! फॉरवर्डला मागं उभा करतोस, डोकं ठिकाणावर हाय काय तुझं?"

खरं तर तो म्हणत होता त्यात तथ्य होतं.

"पक्या," रणधीर म्हणाला, "कॅप्टन सांगतोय तिथं उभा राहा."

कॅप्टन हा शब्द त्यानं सहज वापरला. दोन दिवसांत संघातल्या कुणी मला तसं म्हटलं नव्हतं. पक्या गुडघ्यापर्यंत मोजे ओढत लेफ्ट बॅकच्या जागेवर गेला.

दुसऱ्या हाफबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण ते आमच्याच कौतुकाचं होईल. अकरा झाल्यावर आम्ही बरोबरीनं खेळलो. पक्याला बॅक खेळता येत नव्हतं, पण लाज वाटलेला माणूस फार पळतो. एक गोल आम्ही केला. शिवलिंगनं मारलेला कॉर्नर त्यांच्याच बॅकच्या गुडघ्याला लागून आत गेला. शेवटच्या काही मिनिटांत अनंतानं चक्क गोलवर किक मारली, ती खांबावर आपटून बाहेर गेली. मग शिट्टी झाली. हरलो, दोन-एक.

पायऱ्यांवरून टाळ्या झाल्या. कुणासाठी ते कळलं नाही. रणधीर संपूर्ण हाफभर बाकावर बसून होता. मध्ये दोनदा चेंडू बाहेर गेला, तो त्यानंच आणून दिला. अध्यक्ष बक्षीस समारंभ होताच निघून गेले. प्राचार्य इंगवले सरांशी बोलले नाहीत.

सर आम्हाला म्हणाले, "चांगले खेळलात. जाळ्या सोडा आणि कपडे बदला." जाळ्या सोडताना खांबावर रणधीर चढला होता. मी खालून धरत होतो.

विद्यापीठाच्या संघात शिवलिंगचं नाव आलं. जहांगीरचंही आलं. रणधीरचं येणार नव्हतंच.

वडील त्याला अडतीत घेऊन जाणार असं आम्ही ऐकलं. पण जूनमध्ये इंगवले सर त्याच्या घरी गेले. काय बोलणं झालं माहीत नाही. रणधीरनं एम.ए.ला नाव घातलं. तोवर मी पास होऊन गावी गेलो होतो, सहकारी बँकेत लागलो होतो. त्या वर्षी रणधीर परत कॅप्टन झाला, विद्यापीठाकडून खेळला आणि पुढं पोलिसात गेला. हे सगळं मला पेपरातून आणि इकडून तिकडून कळत राहिलं. भेट अशी झाली नाही.

झाली ती पंचवीस-तीस वर्षांनी. माझी धाकटी मुलगी कोल्हापुरात कॉलेजला होती. तिला भेटायला गेलो, तर म्हणाली संध्याकाळी माझी प्रॅक्टिस आहे, ग्राउंडवरच या. मुलींचा फुटबॉल संघ. कडेला टोपी घातलेला, पोट सुटलेला एक माणूस उभा होता. आवाज न चढवता पोरींना काहीतरी सांगत होता. मी जवळ गेलो तेव्हा त्यानं टोपी काढली.

"मगदूम," तो म्हणाला. "पोरगी तुझी हाय, हे मला पहिल्या दिवशी कळलं. तुझ्यासारखीच ओरडते."

पोलिसातून लवकर निवृत्ती घेऊन तो हे काम करत होता. आम्ही पायऱ्यांवर बसलो. इंगवले सरांना जाऊन वर्ष झालं होतं, त्यामुळे त्यांचा विषय निघालाच. आणि मग मी ते बोललो, जे मला इतकी वर्षं बोलायचं होतं.

"तू त्या दिवशी खाली उतरलास आणि आमच्यासाठी पाणी आणलंस. मी मुलीलाही सांगतो ते. किती मोठं मन लागतं."

रणधीर हसला. "कसलं मोठं मन! मी खेळायला उतरलो होतो. वरून पोरं ओरडालीत, तुम्ही दोन गोलनं मागं. वाटलं, आता म्हातारा पाया पडतोय. सरांना म्हणालो, माफी मागतो, मला उतरवा. ते म्हणाले, तुझं नाव दिलेलं नाही, आणि माफी माझी मागायची नाही. पाणी संपलंय, सायकल स्टँडच्या नळावरनं घेऊन ये."

"आणि तू गेलास."

"बादली नळाखाली टाकून घरी जायचं ठरवून गेलो. फाटक दहा पावलांवर होतं. खरंच सांगतो. नळ सोडला, तर करंगळीएवढी धार. आता बादली तशीच सोडून जावं तर नळ चालू राहतोय, बंद करावा तर बादली रिकामी. म्हटलं, भरू दे, मग जातो. आणि त्या कोपऱ्यावरनं सगळं मैदान दिसतं बघ. तिथं उभा राहून बघत बसलो. बाहेरून बघितलेला माझा पहिला सामना असंल तो. त्या पोराला लागलं. वरची आमचीच माणसं हसली. तो उठला. मी तुम्हा आठ जणांना बघत होतो आणि मला कुणी ओळखीचं वाटंना. बादली भरली तेव्हा फाटकाकडं बघायचं राहूनच गेलं."

मैदानावर एका पोरीनं चेंडू उंच मारला. तो आमच्या पायाशी आला, रणधीरनं बसल्या बसल्या परत ढकलला.

"सरांना हे कधी सांगितलंस?"

"त्यांच्या रिटायरमेंटच्या दिवशी सांगितलं. म्हटलं, सर, त्या दिवशी मी बादली टाकून गेलो असतो तर? एवढी रिस्क कशी घेतलीत?"

"काय म्हणाले?"

"म्हणाले, जिमखान्यातला नळ बाकाच्या मागंच होता. त्याला पाणी पण जोरात यायचं." रणधीर मैदानाकडं बघत होता. "बाकी काय न्हाई. तेवढ्यात चहा आला आणि त्यांनी विचारलं, वडील कसे आहेत."